ती म्हणाली तसंच लिहा: सरकारी भाषेत बाईचा आवाज कुठे हरवतो आणि सोबत जाणाऱ्यानं काय करायचं

ती म्हणाली होती, “त्यानं केस धरून मला मोरीपर्यंत ओढलं, भिंतीला टेकवून गळा दाबला, डोळ्यापुढं अंधारी आली.” कागदावर आलं, “सदर इसमाने घरगुती किरकोळ कारणावरून फिर्यादीस शिवीगाळ करून हाताबुक्कीने मारहाण केली.” दहा मिनिटांत एनसीचा कागद हातात आणि साहेब म्हणाले, जा आता घरी, आम्ही त्याला बोलावून समज देतो.

मी तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते. वाक्य माझ्यासमोर बदललं आणि मला ते तेव्हा कळलंसुद्धा नाही, कारण त्यात धडधडीत खोटं असं काही नव्हतं. शिव्या दिल्या होत्या, मारलं होतं, घरातच झालं होतं. फक्त गळा गेला, मोरी गेली, आधीची सहा वर्षं गेली, आणि ‘किरकोळ’ हा शब्द कुठून तरी येऊन बसला जो तिनं एकदाही उच्चारला नव्हता.

आता याचा परिणाम बघा. एनसी म्हणजे अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिस तपासच करू शकत नाहीत. साधी मारहाण म्हणून लिहिली की भारतीय न्याय संहितेचं कलम ११५ चं दुसरं पोटकलम लागतं आणि ते अदखलपात्र आहे. तेच जर ‘नवरा सहा वर्षांपासून मारतोय, जिवाला धोका होईल इतकं मारतोय’ असं तिच्या तोंडून नोंदलं गेलं असतं तर कलम ८५, म्हणजे जुनं ४९८ अ, त्याचा विचार झाला असता, ज्यात बाईनं स्वतः किंवा तिच्या नातेवाइकानं तक्रार दिली की गुन्हा दखलपात्र होतो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. आणि गळा दाबल्याची नोंद असती तर याहून गंभीर कलमाचा प्रश्न तिथेच उभा राहिला असता. म्हणजे एका वाक्यात पूर्ण केस फिरली आणि कुणी तिला “गप्प बस” असं म्हटलं पण नाही.

हे मी अशा माणसासाठी लिहितेय जो उद्या बहिणीसोबत, मैत्रिणीसोबत, कामावरच्या कुणासोबत ठाण्यात किंवा ऑफिसच्या समितीसमोर जाऊन बसणार आहे. वकील नसलात तरी चालेल. वाक्याकडे लक्ष ठेवता आलं पाहिजे, बस.

आधी वाक्यातला कर्ता शोधा

सवय घरबसल्या लावून घेता येते. पोलिसांची कुठलीही प्रेस नोट घ्या, पेपरातली बातमी घ्या, नेत्याचं निवेदन घ्या, आणि प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलनं लिहा, हे कुणी केलं? ‘तरुणीवर अत्याचार’, ‘महिलेवर अतिप्रसंग ओढवला’, ‘विवाहितेचा छळ’, ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’. कोण आहे या वाक्यांत? पहिल्या तिन्हीत माणूसच नाही, आभाळातून काहीतरी कोसळावं तसं झालंय सगळं, आणि चौथ्यात हल्ला प्रेमानं केलाय. ती नाही म्हणाली होती, तो महिनाभर पाठलाग करत होता, हे ‘एकतर्फी प्रेम’ म्हटलं की पुसलं जातं. पाठलाग हा वेगळा गुन्हा आहे, कलम ७८, पण प्रेम हा काही गुन्हा नाही ना, मग तो भाग तपासायला कोण जाणार.

मग दुसरी गोष्ट मोजा, त्याच कागदावर तिच्याबद्दल किती शब्द आहेत आणि त्याच्याबद्दल किती. तिचं वय, तिचं लग्न, घटस्फोट, नोकरी, किती वाजता परतत होती, सोबत कोण होतं, मोबाईलवर कुणाशी बोलायची. आणि तो? ‘इसम’. किंवा ‘नराधम’, जो शब्द ऐकायला कडक वाटतो पण त्यानं एवढंच होतं की तो कुणाचा तरी नवरा, काका, शिक्षक, सुपरवायझर आहे हे डोळ्याआड जातं. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचे वार्षिक अहवाल काढून बघा, बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण बहुतेक वर्षी नव्वद टक्क्यांच्या वर आहे. नराधम म्हटलं की जिचा गुन्हेगार तिच्याच घरात जेवायला बसतो तिला वाटतं हे माझ्याबद्दल नाहीये, माझं काहीतरी वेगळंच आहे, आणि ती बोलतच नाही.

आता ‘विनयभंग’ हा शब्द घ्या. हात टाकला त्यानं, भंगलं काय तर तिचा विनय. ‘अब्रू लुटली’ मध्ये पण तेच, गेलं तिचं. कायद्यातला शब्द तो आहे त्यामुळे कलम ७४ चं नाव घेताना तो टाळता येणार नाही, पण जबाबात घडलेली गोष्ट सांगताना त्या शब्दावर थांबू नका. ‘मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या हजारो जबाबांत जसंच्या तसं सापडेल आणि त्यातून कुणालाच कळत नाही की नेमकं काय झालं. त्यानं कुठे हात लावला, कुठल्या हातानं, ती काय म्हणाली, त्यावर तो काय म्हणाला, हे लिहायचं. बोलायला अवघड आहे हे मला माहितीये. पण कोर्टात दोन वर्षांनी उलटतपासणीत “हे तुम्ही जबाबात का नाही सांगितलं” असं विचारतात तेव्हा ते याच्या दसपट अवघड जातं.

सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश आणि वकिलांसाठी एक पुस्तिका काढली, लिंगभेदी साचेबद्ध भाषा टाळण्यासाठी. ‘छेडछाड’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाऐवजी रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणा, असं त्यात आहे. ‘पीडित’ म्हणायचं की ‘सर्व्हायव्हर’ हे त्या व्यक्तीला विचारून ठरवा असंही आहे. लगेच तक्रार केली नाही म्हणजे ती खोटी, असं धरून चालणं चुकीचं, हेही आहे. ही पुस्तिका कोर्टासाठी असली तरी तुमच्या मोबाईलमध्ये असू दे, समोरच्याला दाखवायला बरी पडते.

आणि हे शब्दांचं प्रकरण किती जुनं आहे ते आपल्याच राज्यात बघा. मार्च १९७२, देसाईगंज पोलिस ठाणे, आताचा गडचिरोली जिल्हा, एका आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारात दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला, जो मथुरा खटला म्हणून ओळखला जातो. सेशन्स कोर्टानं तिला थेट खोटारडी ठरवलं आणि तिला लैंगिक संबंधांची सवय होती असं नोंदवलं. नागपूर खंडपीठानं नीट फरक केला की भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, आणि शिक्षा दिली. मग १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोघांना सोडलं, अंगावर जखमा नव्हत्या, सगळं ‘शांततेत’ झालं अशा अर्थाचं निकालात लिहून. ठाण्याच्या आत, दोन गणवेशधारी, एक अल्पवयीन दिसणारी मुलगी, आणि शब्द काय तर शांततेत. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात ती म्हणाली संमती नव्हती तर कोर्टानं ते धरून चालायचं, हे तेव्हापासून. मला या सगळ्यात कायम हे वाटतं की त्या चौघांनी काय केलं, तर निकालातली वाक्यं घेतली आणि एकेका शब्दाला विचारलं, हे तुम्ही कशावरून म्हणता. तुम्हाला ठाण्याच्या टेबलावर तेच करायचंय, छोट्या प्रमाणात.

नेता बोलतो तेव्हा

मोठ्या खुर्चीवरून आलेलं वाक्य सरळ ठाण्यापर्यंत झिरपतं, म्हणून तेही ऐकायला शिकलं पाहिजे.

कोलकात्यातलं पार्क स्ट्रीट बलात्कार प्रकरण, फेब्रुवारी २०१२. तपास सुरू असतानाच मुख्यमंत्री ममता बॅनर्जी म्हणाल्या की ही ‘साजानो घटना’ आहे, रचलेली. एका मंत्र्यानं विचारलं, दोन मुलांची आई रात्री नाइटक्लबमध्ये काय करत होती. ज्या अधिकारी बाईंनी, दमयंती सेन यांनी, तपासात बलात्कार झाल्याचं सांगितलं त्यांची लवकरच बदली झाली. जिच्यावर हे झालं त्या सुझेट जॉर्डन यांनी २०१३ मध्ये स्वतःहून नाव आणि चेहरा समोर आणला, मी का लपू म्हणून. मार्च २०१५ मध्ये त्या गेल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोर्टानं तिघांना दोषी ठरवलं. ‘रचलेली’ हा शब्द खोटा ठरला तेव्हा त्या ऐकायला नव्हत्या.

उत्तर प्रदेशातलं हाथरस, २०२०, एका तरुणीवरच्या बलात्काराच्या तक्रारीचं प्रकरण, इथे वेगळी पद्धत. वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यानं माध्यमांना सांगितलं की फॉरेन्सिक अहवालात वीर्य सापडलं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं विज्ञान बोललं, विषय संपला. पण बलात्काराच्या कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीनंतर काय, त्याच्या आधीही, बलात्कार सिद्ध व्हायला वीर्य लागतच नव्हतं, आणि नमुने घटनेनंतर बऱ्याच दिवसांनी घेतले असतील तर ते सापडणार तरी कसं. कुणी तांत्रिक शब्द फेकला की घाबरायचं नाही, दोन प्रश्न विचारायचे, हा पुरावा कायद्यानं लागतो का, आणि तो गोळा कधी केला.

तिसरी तऱ्हा लाडाची. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार खटल्यात शिक्षा झाल्यावर एप्रिल २०१४ च्या प्रचारसभेत मुलायमसिंह यादव म्हणाले, लडके हैं, गलती हो जाती है. म्हणजे त्याचं कृत्य ‘चूक’, आणि तिनं तक्रार केली ती जणू एका पोराच्या आयुष्याशी खेळ. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या लहान मुलींच्या आईवडिलांना तक्रार नोंदवायला तासन्‌तास बसवलं आणि लोक रुळावर उतरले तर सरकारकडून आलं की आंदोलक बाहेरचे होते, राजकारण होतं. इथे बोलणं मुलींवरून उठून आंदोलकांवर गेलं आणि उशीर कुणी केला हा प्रश्न मागे पडला.

आणि एक चौथी, जी आपल्याला आवडते म्हणून सांगायला जड जातं. ‘आमच्या लेकीबाळींकडे वाकड्या नजरेनं बघाल तर’, ‘चौकात फाशी द्या’. लेक, बहीण, आई. कुणाचीच कुणी नसलेली बाई, बारमध्ये काम करणारी, देहविक्री करणारी, ट्रान्स बाई, नवऱ्याला सोडून आलेली, ती या वाक्यात बसत नाही, आणि ते तिला बरोबर कळतं. आणि फाशीची आरोळी ऐकली की ज्या पोरीचा गुन्हेगार सख्खा मामा आहे ती अजूनच तोंड मिटते, घरातल्यांना ती मामाची मारेकरी वाटणार या भीतीनं.

तुम्ही काय करायचं? असं विधान रागानं फॉरवर्ड करताना फक्त विधान पाठवू नका, कारण ते जितकं फिरतं तितकं तिच्यापर्यंत पोचतं. त्याच्याखाली तीन ओळी लिहा, गुन्हा कुठल्या तारखेला नोंदला गेला, कुठली कलमं लागली, अटक झाली का. नसेल माहीत तर तेच जाहीर विचारा. ‘दोषींवर कठोर कारवाई होईल’ याला तारीख मागा. आणि तिचं नाव, फोटो, गाव, शाळा, आईवडिलांची नावं यातलं काहीही टाकू नका, बलात्काराच्या गुन्ह्यात ओळख उघड करणं हा कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि हेतू चांगला होता हे कारण चालत नाही.

ठाण्यात जाताना आणि तिथे बसल्यावर

घरून निघायच्या आधी तिला बोलू द्या आणि ती बोलेल ते तसंच्या तसं लिहून घ्या. तिच्या बोलीत. ती अहिराणी, मालवणी, गोंडी, हिंदी, जे बोलते त्यात. तुम्ही सुधारायला जाऊ नका, ‘अयोग्य वर्तन’ वगैरे सभ्य शब्द घालायला तर अजिबात नाही, नाहीतर सरकारी भाषेचं काम तुम्हीच घरात करून टाकाल. मी सुरुवातीला हे करायचे, वाचायला नीट वाटावं म्हणून, आणि एका बाईनं मला सांगितलं की ताई हे मी नाही बोलले.

त्या कागदात काही गोष्टी मुद्दाम बघा. आधी कधी कधी झालंय, पहिल्यांदा कधी, सगळ्यात वाईट कधी. धमकी दिली असेल तर शब्दशः. ‘जिवे मारण्याची धमकी दिली’ आणि ‘तुला पेटवून देतो आणि स्टोव्हचा भडका उडाला सांगतो’ यात किती फरक आहे ते वाचूनच कळतं. जातीवरून काही बोलला असेल तर ते तसंच आलं पाहिजे, तो भाग ‘शिवीगाळ केली’ या दोन शब्दांत नेहमी गडप होतो आणि मग ॲट्रॉसिटीचा पाया राहत नाही. खैरलांजी आठवा, २९ सप्टेंबर २००६, एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या, आणि कोर्टात ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही, हायकोर्टानंही २०१० मध्ये त्याला जातीचा द्वेष न म्हणता सूड म्हटलं.

आणि उशीर का झाला ते कुणी विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकावं. “इतके दिवस का थांबलीस?” हा प्रश्न येणारच. मुलं लहान होती, माहेरी सांगितलं तर परत पाठवलं, पगार त्याच्या हातात, भीती वाटत होती. जे खरं असेल ते जबाबातच. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये गुरमितसिंग खटल्यात स्पष्ट म्हटलंय की लैंगिक गुन्ह्यात उशिराला घरच्या अब्रूपासून अनेक कारणं असतात, आणि तिची साक्ष विश्वासार्ह असेल तर दुसऱ्या पुराव्याची जोड लागलीच पाहिजे असं नाही. पण कारण कागदावर नसलं की वकील ती जागा स्वतः भरतो.

ठाण्यात गेल्यावर हद्दीवरून परत पाठवलं तर ‘झिरो एफआयआर घ्या’ एवढंच म्हणा. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये कुठल्याही हद्दीतला दखलपात्र गुन्हा कुठेही सांगता येतो. लैंगिक गुन्ह्यात नोंद महिला अधिकाऱ्यानं करायची आहे. बलात्काराच्या केसमध्ये जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी, आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा सामाजिक कार्यकर्त्यांसमोर घेता येतो, आणि मोबाईलवर व्हिडिओसुद्धा करता येतो, तो मागा, व्हिडिओत शब्द बदलत नाहीत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये पोलिसांसोबत सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष आता राज्यात बऱ्याच ठिकाणी आहे, तिथल्या ताई सोबत असल्या तर टेबलावरचं बोलणं बदलतं, हे मी बघितलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सही. लिहून झाल्यावर कायद्यानं ते तिला वाचून दाखवायचं असतं. बहुतेक वेळा काय होतं, रात्रीचे अकरा वाजलेत, पोर झोपेला आलंय, कागद फिरवून म्हणतात इथे सही करा. तुम्ही तेवढ्या वेळेला जागं राहा. “मॅडम, एकदा मोठ्यानं वाचून दाखवा ना.” आवाज चढवू नका, भांडू नका, पण हलू पण नका. वाचताना घरून आणलेला कागद मांडीवर ठेवा आणि जे गळलं तिथे थांबवा. “ती गळा दाबला म्हणाली, ते राहिलंय.” “किरकोळ ती म्हणाली नाही, काढा ना ते.” कुणी म्हणालं की आमची भाषा अशीच असते, कोर्टात असंच लागतं, तर सांगा की कोर्टात तिला विचारतील तेव्हा तिला तिचंच वाक्य आठवेल, तुमचं नाही. हे बहुतेक लोकांना पटतं, खरंच. लिहिणारा माणूस दर वेळी वाईटच असतो असं नाही, त्यानं दिवसभरात सात जबाब लिहिलेले असतात आणि हात आपोआप ठरलेल्या वाक्यांकडे जातो.

एफआयआरची कॉपी फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. घ्यायलाच नकार दिला तर तक्रार लेखी करून पोलिस अधीक्षक किंवा आयुक्तांना पोस्टानं पाठवा, पावती जपा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. बलात्कार, विनयभंग, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांची नोंद न करणाऱ्या सरकारी नोकराला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली कमीत कमी सहा महिने शिक्षा आहे, हे शेवटचं हत्यार म्हणून माहीत असू दे, पहिल्याच वाक्याला काढू नका. आणि एक नवीन गोष्ट, तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपीच्या परवानगीनं आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, तर ‘चौकशी चालू आहे’ असं उत्तर आलं की परवानगी कुणाची, कुठल्या तारखेची, हे विचारा. तपास कुठवर आलाय हे नव्वद दिवसांत तिला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, ‘तपास चालू आहे’ हे त्याचं उत्तर होत नाही.

दवाखान्याचं थोडक्यात. आधी एफआयआर आणा असं म्हणून लैंगिक हल्ल्यातल्या बाईला परत पाठवता येत नाही, सरकारी असो की खाजगी, उपचार लगेच आणि मोफत. तपासणीला तिची संमती लागते. बाईला लैंगिक संबंधांची सवय आहे का हे बघणारी दोन बोटांची चाचणी सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरा असं सांगितलं. ‘सवयीची’ असा काही शेरा रिपोर्टवर दिसला तर तिथेच हरकत घ्या. भाजलेली बाई असेल तर तिचा जबाब सुरू असताना सासरचं कुणी खोलीत नाही एवढं मात्र जीव तोडून बघा.

‘मिटवून घ्या’ याला काय म्हणायचं

हे वाक्य शिवीसारखं येत नाही, मायेनं येतं. पोरांकडे बघ, त्याची नोकरी जाईल, तुझंच नाव खराब होईल, आम्ही दोघांना समोरासमोर बसवतो. समुपदेशन वाईट नाही, पण मारणारा आणि मार खाल्लेली यांना एका बाकावर बसवून ‘दोघांनीही समजून घ्या’ म्हटलं की तिचं म्हणणं आपोआप अर्ध होतं. आणि शेवटी कागद येतो, ‘आमच्यात आपसात समझोता झाला असून माझी आता कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.’ या एका ओळीवर सही झाली की पुढच्या वेळी ती ठाण्यात आली तर पहिलं तेच काढून दाखवतात. सही करायचीच अशी तिची स्वतःची इच्छा असेल तर तो तिचा निर्णय, तिथे आपण शहाणपण शिकवायचं नाही, पण मग ‘तक्रार नाही’ ऐवजी काय झालं, त्यानं काय कबूल केलं, परत झालं तर ती काय करणार हे लिहून घ्या.

बलात्काराच्या केसमध्ये तर तडजोड हा पर्यायच नाही, सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये मदनलाल खटल्यात तसं ठणकावून सांगितलंय. मध्य प्रदेश हायकोर्टानं २०२० मध्ये एका आरोपीला जामीन देताना तिच्या घरी जाऊन राखी बांधून घे अशी अट घातली होती, ती सुप्रीम कोर्टानं मार्च २०२१ मध्ये अपर्णा भट खटल्यात रद्द केली आणि सगळ्या कोर्टांना सांगितलं की लग्नाचा, समेटाचा सल्ला देऊ नका, आरोपीशी तिचा संबंध येईल अशी अट घालू नका. घरगुती हिंसाचारासाठी २००५ चा कायदा वेगळा आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, आणि घरात राहण्याचा हक्क. एनसी देऊन परत पाठवलं तरी हे दार उघडं असतं हे खूप जणींना कुणी सांगतच नाही. वकिलाचे पैसे नसतील तर कुठल्याही बाईला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करा. तातडीला ११२, बाकी मदतीला १८१.

ऑफिसमधलं सरकारी मराठी

इथे शब्द गोड असतात. ‘गैरसमज’, ‘दोघांमधला संवादाचा प्रश्न’, ‘अनुचित वर्तन’. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात समेट आहे, पण तो फक्त तिनं स्वतः मागितला तर, आणि पैशाच्या बदल्यात नाही. समिती म्हणाली आपण आधी समेट करून बघू, तर हे तिच्याकडून यायला हवं होतं एवढं लेखी मेलवर टाका. ‘गोपनीयता आहे, कुणाशी बोलू नका’ असं सांगून बाईला एकटं पाडतात, पण ती बंदी जनतेत आणि माध्यमांत जाहीर करण्यावर आहे, घरच्यांशी, वकिलाशी, डॉक्टरशी बोलायला तिला कुणी अडवू शकत नाही. ‘सिद्ध झालं नाही म्हणजे तक्रार खोटी’ हेही चूक, नुसतं सिद्ध करता न येणं म्हणजे खोटी तक्रार होत नाही असं कायद्यातच लिहिलंय. आणि बैठकीचा वृत्तांत आला की तेच, सहीच्या आधी वाचा, कर्ता शोधा.

त्या मोरीवाल्या ताईसोबत मी नऊ दिवसांनी परत गेले. यावेळी अधीक्षकांना दिलेल्या अर्जाची पोच हातात होती आणि तिनं आदल्या रात्री सांगितलेले चार कागद. बसलेल्या मॅडमनी दोन तास लिहून घेतलं, सहा वर्षं, दोन गर्भपात, गळा, सगळं. मग वाचून दाखवायला लागल्या. ती खाली मान घालून ऐकत होती, मला वाटलं तिचं लक्ष नाही. ‘मोरीपर्यंत ओढत नेले’ इथे तिनं मान वर केली. म्हणाली, “ओढत नाही मॅडम, फरफटत. गुडघे सोलले होते माझे.” मॅडमनी तिच्याकडे बघितलं, बॅकस्पेस दाबलं, ‘फरफटत’ टाइप केलं, आणि विचारलं, कुठला गुडघा.

“दोन्ही,” ती म्हणाली.